आयोवाचा डेरेचो आणि हरिकेन: एका प्रतिक्रियेला उत्तर

श्रीवर्धनहून लिहिणाऱ्या वाचकांस,

सप्रेम नमस्कार. अमेरिकेच्या आयोवा राज्यातील सीडर रॅपिड्स शहरात १० ऑगस्ट २०२० रोजी आलेल्या डेरेचोवरील, म्हणजे गडगडाटी ढगांच्या लांबलचक रांगेतून सरळ सुटणाऱ्या वादळी वाऱ्यावरील, माझ्या लेखाबद्दल आपण लिहिले आहे की, तासाभराच्या सोसाट्याला हरिकेनच्या, म्हणजे इकडच्या समुद्री चक्रीवादळाच्या, पंगतीला बसवणे ही अतिशयोक्ती आहे, दोहोंच्या वाऱ्याचे आकडे एका मापाचे नाहीत आणि मृतांची संख्या पाहिली तर तुलनाच उरत नाही. आपण २०२० चे ‘निसर्ग’ चक्रीवादळ सोसलेले असल्याने सविस्तर उत्तर देतो.

आकड्यांचा मुद्दा शास्त्राला धरून आहे. हरिकेनची श्रेणी एका मिनिटाच्या सरासरी वेगावरून ठरते, तर अ‍ॅटकिन्स या जवळच्या गावापाशी नोंदवलेला ताशी २०३ किलोमीटर हा क्षणिक झोताचा वेग होता आणि सीडर रॅपिड्सचा २२५ किलोमीटर हा पडझडीवरून नंतर बांधलेला अंदाज आहे. म्हणूनच लेखात मी या वादळाला कोणतीही श्रेणी दिलेली नाही. वारा घरादाराची आणि झाडांची काय अवस्था करतो, एवढ्यापुरतीच ती तुलना होती. एरवी गडगडाटी पावसातला वारा काही मिनिटांत ओसरतो. त्या दुपारी तो पाऊण तासाच्या आसपास साधारण पश्चिमेकडून रेटत राहिला. हरिकेनचा डोळा, म्हणजे मधला शांत भाग, डोक्यावरून सरकला की वारा उलटतो, तसे इथे घडले नाही. शेतांतला पुरुषभर उंचीचा मका पूर्वेकडे आडवा झाला होता, आणि आमच्या पश्चिमेच्या भिंतीवर ओकच्या पानांचा हिरवा चुरा इतका घट्ट थापला गेला होता की तो खरवडून काढावा लागला. शहराचे निम्म्याहून अधिक वृक्षछत्र गेले.

मृतांच्या संख्येवरून वारा तोलणे मात्र मला पटत नाही. अमेरिकेत हरिकेनचे बहुतेक बळी समुद्राचे उधाण आणि पूर यांनी जातात, आणि आयोवाला समुद्रच नाही.

खरा फरक पूर्वसूचनेत आहे. ‘निसर्ग’ची चाहूल किमान दोन दिवस आधी लागली आणि ते ३ जूनला किनाऱ्यावर आले, सुपारीच्या वाड्या वाचल्या नाहीत हे खरे, पण होड्या वर ओढता आल्या आणि कच्च्या घरांतली माणसे हलवता आली. डेरेचोत पावसाने गार झालेली जड हवा खाली कोसळून पुढे पसरते, समोरच्या दमट हवेला वर ढकलून नवे ढग उभे करते, आणि वादळांची ही रांग अशी स्वतःला पोसत धावते. त्या दिवशी ती साउथ डकोटापासून ओहायोपर्यंत सुमारे १,२४० किलोमीटर १४ तासांत गेली. सकाळच्या अंदाजात एवढ्या तीव्रतेची कल्पना नव्हती. भोंगा वाजल्यावर आम्हांला जेमतेम तळघर गाठता आले. टोर्नाडोमुळे ती सवय इथे अंगवळणी पडलेली आहे. ट्रेलरवजा घरांत राहणाऱ्यांना तळघरच नसते, आणि दोन दिवस आधी कळले असते तर त्यांना दुसरीकडे जाता आले असते.