डब्यावर "ऑटो कट" लिहिता, मग कट कधी होतो?

१६.१.

पहाटे पाच वाजता गॅलरीत, मोबाइलच्या उजेडात, मल्टिमीटरवर मी हा आकडा वाचला आणि अंगावर काटा आला. साधी १२ व्होल्टची गाडीची बॅटरी. चार्ज होताना तिच्या टर्मिनलवर १४.४ च्या आसपास व्होल्टेज असावं, त्याच्या फार पुढे गेलं की आतलं पाणी अक्षरशः उकळल्यासारखं बुडबुडतं. इथे १६.१! आणि चार्जरच्या स्क्रीनवर काय? "१००%" आणि हिरवा दिवा. बॅटरी भरली हे त्याला कळलेलं होतं, तरीही तो करंट ढकलतच होता.

मला जाग आली ती वासाने. सडक्या अंड्यासारखा वास. गॅलरीला लागून असलेल्या खोलीत माझं दीड वर्षाचं मूल झोपलेलं. त्या क्षणी जे वाटलं ते आठवलं की अजून हात थरथरतात. बॅटरीला हात लावला तर कढत. दोन्ही बाजू फुगलेल्या. चिमटे ओढून काढायचा मोह झाला, पण नशिबाने एवढं माहीत होतं की आधी भिंतीवरचं बटण बंद करायचं. चालू असताना चिमटा ओढला की ठिणगी उडते, आणि जास्त चार्ज झालेल्या बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडत असतो. हवेत चार टक्के हायड्रोजन झाला की ठिणगी पुरते. बटण बंद केलं, दारं उघडली, मुलाला उचलून पुढच्या खोलीत नेलं. मग बसले आणि रडले. रागाने.

आता सगळं पहिल्यापासून सांगते.

आम्ही तीन आठवडे गावी होतो. गाडी पार्किंगमध्ये उभी. परत आल्यावर सेल्फ मारला तर नुसतं टक टक टक. बॅटरी अवघी दोन वर्षांची, ३५ अँपियर-आवर (म्हणजे तिच्यात किती वीज मावते त्याचं माप), छोट्या पेट्रोल गाडीला असते तशी. गाडी बंद असली तरी अलार्म, घड्याळ आणि आम्ही बसवलेला ट्रॅकर थोडं थोडं खात असतात. ५० मिलिअँपियर धरले तरी दिवसाला १.२ अँपियर-आवर जातात. तीन आठवड्यांचा हिशेब तुम्हीच करा. मी मीटर लावला तर ११.७ आलं. पूर्ण भरलेली बॅटरी नुसती ठेवली असताना १२.६ ते १२.७ दाखवते, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, आणि ११.७ म्हणजे संपलीच. पण खराब झालेली नव्हती! उतरली होती, एवढंच. हे मला ओरडून सांगावंसं वाटतं, कारण पुढे चार्जरवाल्याने मला हेच पटवायचा प्रयत्न केला की ती आधीपासूनच गेलेली होती.

पहिला मेकॅनिक. त्याने केबल लावून गाडी चालू करून दिली आणि म्हणाला, "ताई, अर्धा तास फिरवा, होते चार्ज." नाही होत हो! रिकामी झालेली बॅटरी सिग्नलला थांबत, एसी लावून, अर्ध्या तासात कशी भरेल? सेल्फ मारायला लागते तेवढी वीज कदाचित परत जाईल. बाकी बॅटरी अर्धपोटीच राहते, आणि अशी उपाशी राहिलेली बॅटरी आतून मरते. प्लेटांवर सल्फेट जमतं, ते कडक होतं, मग ती पुन्हा पूर्ण भरत नाही. आज गाडी चालू झाली यावर समाधान मानायचं आणि महिन्याने नवी बॅटरी घ्यायची, असाच धंदा चाललाय.

म्हणून चार्जर घ्यायचा ठरवला. पार्किंगमध्ये पॉइंट नाही. सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांना विचारलं, एका रात्रीपुरती वॉचमनच्या खोलीतून वायर घेऊ का? म्हणाले, कॉमन मीटरवर लोड येतो, उद्या सगळेच मागतील. अहो काका, ३५ अँपियर-आवर गुणिले १२ व्होल्ट म्हणजे ४२० वॅट-आवर. चार्जरची नासाडी धरली तरी एक युनिट वीज लागत नाही. एक युनिट! मी दहा रुपये रोख द्यायला तयार होते. नाहीच म्हणाले. दहाच्या पान्याने आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह सोडवून, दहा किलोचं ते धूड नवऱ्याने तिसऱ्या मजल्यावर आणलं. लिफ्ट त्या दिवशी बंद होती.

चार्जर ऑनलाइन मागवला. सगळी आग इथे आहे. डब्यावर ठळक अक्षरांत: १२ व्होल्ट, २० अँपियर, ऑटो कट (म्हणजे बॅटरी भरली की आपोआप बंद), पल्स रिपेअर, दोन तासांत फुल. या पाच शब्दांपैकी एकच खरा निघाला, १२ व्होल्ट.

२० अँपियर? त्याची आउटपुटची वायर मोबाइल चार्जरच्या वायरीहून थोडीशीच जाड आहे. वायरीभोवती पकडून करंट मोजायचा क्लॅम्प मीटर असलेल्या ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने नंतर मोजलं, चार-पाचच्या पुढे करंट जात नाही. आणि समजा खरंच २० गेले असते, तर ३५ च्या बॅटरीची वाटच लागली असती. बॅटरी जेवढ्या अँपियर-आवरची, त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास करंट असावा हा जुना साधा नियम आहे. माझ्या बॅटरीला साडेतीन-चार. म्हणजे रिकामी बॅटरी भरायला एक अख्खी रात्र. हे डब्यावर एका ओळीत लिहिता आलं असतं. पण "दोन तासांत फुल" लिहिलं की खपतं ना!

पल्स रिपेअरचं तर नावच काढू नका. मेलेली बॅटरी जिवंत करतो म्हणे. एखादा सेल आतून शॉर्ट झाला असेल, प्लेटा झडल्या असतील, तर कुठला पल्स त्या जोडणार आहे? लोकांच्या अडचणीवर असे शब्द चिकटवून माल विकायला लाज कशी वाटत नाही?

आणि ऑटो कट. मी त्या दोन शब्दांच्या भरवशावर झोपले हो. संध्याकाळी पाचला लावला. पॉझिटिव्हचा चिमटा आधी, मग निगेटिव्ह, मग भिंतीवरचं बटण, सगळं नीट. रात्री दहाला पाहिलं तेव्हा स्क्रीनवर ८०%. म्हटलं, झाली की आपोआप थांबेल. चांगला चार्जर असाच वागतो: आधी पूर्ण करंट देतो, १४.४ च्या आसपास पोचला की व्होल्टेज तिथेच धरून करंट कमी कमी करत आणतो, आणि शेवटी १३.५ च्या आसपास नुसता सांभाळत राहतो. एवढंच तर लागतं. याच्या माहितीपत्रकात एक तरी आकडा आहे का? कितीला थांबणार, किती सांभाळणार, कुठली बॅटरी चालणार? नाही. चार घडींच्या कागदावर बॅटरीची चित्रं आणि मोडकंतोडकं इंग्रजी. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या स्टार्ट-स्टॉपच्या गाड्यांत येणाऱ्या वेगळ्या बॅटऱ्यांचा उल्लेखसुद्धा नाही. आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता पाकिटावर छापणं कायद्याने बंधनकारक आहे. मी डबा उलटासुलटा करून शोधला. तोही नाही.

नंतरची धावपळ तर डोकं फिरवणारी. बॅटरीच्या दुकानात नेली, वॉरंटी बाकी होती. दुकानदाराने फुगलेल्या बाजूवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "मॅडम, ओव्हरचार्ज. यात वॉरंटी नाही." खरं आहे त्याचं, मी वाद घातला नाही. ही मेंटेनन्स-फ्री बॅटरी, उडून गेलेलं पाणी परत टाकायला झाकणंच नाहीत. संपली ती. चार्जरवाल्याला कळवलं, मल्टिमीटरचा फोटो पाठवला, फुगलेल्या बॅटरीचा पाठवला. उत्तर काय आलं? "आपली बॅटरी आधीच खराब असावी." असावी! न बघता! मी ११.७ चा फोटोही पाठवला होता, दोन वर्षांपूर्वीचं बिलही पाठवलं होतं. एकही न उघडता ठरावीक उत्तर चिकटवलं.

आणि त्यावर ओळखीतलीच माणसं सांगतात, "जाऊ दे ना, नवी घे, जुनीचे शिशाचे पैसे मिळतातच." का जाऊ दे? बॅटरीचे पैसे गेले, चार्जरचे गेले, तेही सोडा. माझं मूल त्या भिंतीपलीकडे झोपलं होतं.

आता चार्जर घेणाऱ्या कुणालाही एकच विनवणी करते. अँपियरचा मोठा आकडा बघू नका. माहितीपत्रकात किती व्होल्टला थांबतो आणि किती व्होल्टवर सांभाळतो हे दोन आकडे छापलेले असतील तरच घ्या. आणि पहिल्यांदा लावाल तेव्हा दिवसा, उघड्या हवेत, मल्टिमीटर लावून दर तासाला बघा. साध्या बॅटरीवर १५ कडे सरकताना दिसलं की बटण बंद.

मी १९१५ वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, तक्रार नोंदवली आहे. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. तिथेही लिहून सहा दिवस झाले. पोच नाही. विकणारा म्हणतोय चार्जर परत पाठवा, पैसे देतो. नाही पाठवणार. तो डब्यासकट, वायरीसकट, माझ्या कपाटावर आहे आणि तिथेच राहणार, कारण तोच माझा पुरावा आहे. आज सकाळी त्याचं पान पुन्हा उघडून पाहिलं. अजून विक्री चालू आहे. "ऑटो कट" अजून तिथेच, ठळक अक्षरांत.