याला फूल कधी येतं?

पुष्पप्रदर्शनात फर्न मांडणं म्हणजे पुरणपोळीच्या पंगतीत साबुदाण्याची खिचडी घेऊन बसणं. आजूबाजूला ताटलीएवढे डेलिया, एकेका काडीवर मिरवणारे गुलाब, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर आमची मंडळी: हिरवं, त्याच्या शेजारी हिरवं, मागे जरा उंच हिरवं. दार उघडल्यावर दहा मिनिटांत पहिला प्रश्न येतो, "याला फूल कधी येतं हो?" गेल्या 35 कोटी वर्षांत आलेलं नाही, तेव्हा रविवार संध्याकाळपर्यंत येईलसं वाटत नाही. पण असं बोलायचं नसतं. "येत नाही काकू, फर्न आहे," एवढंच म्हणायचं. त्यावर काकू हळहळतात, "खत घालून बघा."

मूळ दुखणं पंचांगाचं आहे. फर्नचा महिना श्रावण. तेव्हा सह्याद्रीतल्या गडांच्या तटबंदीतून हंसराज हे नाजूक पानांचं फर्न कुणी न लावता लोंबत असतं, झाडांच्या बेचक्यांत बाशिंग नावाचं फर्न टरारून आलेलं असतं. पण पुण्यात एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन भरतं जानेवारीत, कारण गुलाब-डेलिया-पिटुनियाला थंडी मानवते. पहाटे 10-12 अंश, दुपारी 30, आणि हवा अशी कोरडी की ओठ फुटावेत. गडावरचा हंसराज तोवर वाळून गेलेला असतो, बाशिंगाच्या पानांचे नुसते दांडे उरलेले असतात. नेमक्या त्याच मुहूर्तावर आम्ही घरच्या हंसराजाला नटवून मंडपात उभा करतो.

म्हणून तयारी गणपतीतच सुरू. कुंडी बदलायची ती ऑगस्ट-सप्टेंबरात. 2 भाग कुजलेला पालापाचोळा, 1 भाग कोकोपीट, 1 भाग विटांचे बारीक तुकडे आणि मूठभर कोळसा. गड्डा, म्हणजे जिथून पानं फुटतात तो भाग, मातीच्या वर राहिला पाहिजे, गाडला की सडतो. नवी कुंडी जुनीपेक्षा एकच नंबर मोठी. लाडानं टब दिला, तर मुळं पोचत नाहीत तिथली माती ओलीच राहते आणि झाड सर्दी झाल्यासारखं बसून राहतं. पातळ खत पंधरा दिवसांनी, पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्मं. काकूंचं ऐकलं तर टोकं करपतात. कुंडी दर आठवड्याला पाव फेरा फिरवायची, नाहीतर झाड उजेडाकडे तोंड करतं आणि परीक्षकांना पाठ दाखवतं.

हंसराजाला मात्र छाती लागते. नोव्हेंबरच्या मध्यावर, चांगलं भरलेलं झाड मातीपासून बोटभर ठेवून सगळंच्या सगळं कापायचं. घरातलं माणूस तेव्हा आपल्याकडे कसं बघतं, ते बघायचं नाही. आठ-दहा आठवड्यांत सगळी पानं एका वयाची, कोवळी येतात. थंडी कडक पडली की हे गणित हुकतं, आणि प्रदर्शनाच्या सकाळी कुंडीत असतात फक्त मुठी वळलेले आठ कोंब. त्यातल्या दोघांची टोकं रात्री गोगलगायीनं खाल्लेली. फर्नचं पान टोकाकडे वाढतं, टोक गेलं की ते पान तिथंच संपलं.

तपकिरी टोक ही आणखी वेगळी साडेसाती. बॉस्टन फर्नच्या एका लांब पानाला शंभरेक पर्णिका, म्हणजे बारकी उपपानं, कुंडीत चाळीस पानं, म्हणजे चार हजार टोकं, आणि आपल्याकडे एक नखकात्री. टोक सरळ कापलं तर चोरी लगेच कळते, म्हणून पर्णिकेच्या मूळ आकाराला धरून गोलसर कापायचं आणि करपलेल्या भागाची केसाएवढी कड तशीच ठेवायची. हिरव्यात कात्री गेली की दुसऱ्या दिवशी तिथं नवी तपकिरी कड हजर. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पडतात, म्हणून फवारणी साठवलेल्या पावसाच्या नाहीतर आरओच्या पाण्याची. दूध, खोबरेल, पानं चमकवायचा स्प्रे यांतलं काहीही फर्नला लावायचं नाही, कितीही मोह झाला तरी.

पानामागचे ठिपके हा तर दरवर्षीचा घोळ. पट्टीनं आखल्यासारखे शिस्तीत असतील, तर ते बीजाणूंचे, म्हणजे ज्यांतून नवी फर्न उगवतात त्या कणांचे पुंजके, झाडाचा अभिमान. वेडेवाकडे, देठाला आणि शिरेला चिकटून, नखानं उचकटले तर टिकलीसारखे सुटणारे आणि खालच्या पानावर चिकटा सांडणारे असतील, तर खवले कीड. हा फरक न सांगता कुणा उत्साही सभासदाच्या हाती ओला टूथब्रश दिला, की तो नेमके बीजाणू घासून काढतो आणि कीड ठेवतो.

मग टेम्पो. पाणी आदल्या सकाळी भरपूर द्यायचं, निघताना नाही. कुंड्या क्रेटमध्ये ओलं गोणपाट कोंबून घट्ट बसवायच्या, पानांना वर्तमानपत्राचा सैल कोन करायचा, दोरी नाही. बर्ड्स नेस्ट फर्नचं कोवळं पान बोट लागलं तरी काळं पडतं आणि तो ठसा पान असेपर्यंत राहतो. वरून ताडपत्री हवीच, उघड्या टेम्पोतलं हडपसरपासूनचं वारंसुद्धा हंसराजाचा पापड करायला पुरेसं असतं. मंडपात पोचल्यावर आधी बघायचं ते टेबल नव्हे, पंखा. पेडेस्टल फॅन ज्या दिशेला तोंड करतो, तिथं हंसराज ठेवायचा नाही.

फर्नच्या वर्गात कुणीतरी अ‍ॅस्परॅगस फर्न आणून ठेवतंच. नाव फर्न, कूळ शतावरीचं. परीक्षक ते नियमात बसत नाही म्हणून बाजूला काढतात, आणणारा भांडतो की नर्सरीवाल्यानं फर्न म्हणूनच दिलंय. ते टेबलाच्या टोकाला पडून राहतं. पुन्हा फेरी मारून आलेल्या काकू नेमक्या त्याच्याचपुढे थांबतात. बारीक पांढरी फुलं, दोन लाल फळं. "बघा," त्या म्हणतात, "याला आलंय की नाही?"

बाकी लोक लाजाळू समजून पानांना टोचून जातात, मिटत नाही म्हणून नाराज होतात. कुणी "एक पान द्या, घरी लावते" म्हणतं. देऊन उपयोग नाही. हंसराजाचं पान मातीत खोचलं तर नुसतं वाळतं, आणि बीजाणूंपासून ओळखू येईल असं झाड व्हायला वर्ष सहज जातं.

मंडपातल्या हवेचा हिशेब घरी आल्यावर चौथ्या दिवशी लागतो. तोवर हिरवा दिसणारा हंसराज कडेनं कुरकुरायला लागतो. मग पुन्हा कात्री, पुन्हा मातीपासून बोटभर. चषक शोकेसमध्ये, आणि कुंडी महिनाभर न्हाणीघरात, खिडकीखाली, जिथं दमटपणा फुकट मिळतो. तोवर आंघोळीचं पाणी जरा जपून घ्यायचं, साबण कुंडीत उडता कामा नये.