“डॉक्टर रोज बोलणं बदलत होते” वाल्या मेसेजला उत्तर

परत तो मेसेज फिरायला लागलाय, सांगलीतल्या निम्म्या ग्रुपवर येऊन गेला असंल. म्हणणं थोडक्यात असं की कोरोना जुनाच, डेटॉलच्या बाटलीवर नाव आधीपासनं छापलेलं, होता साधा फ्लू, हळद आणि गरम पाण्यानं घशातच मरायचा, आणि डॉक्टर दर महिन्याला बोलणं बदलायचे म्हणजे सगळं थोतांड.

बाटलीचं आधी उरकतो. कोरोना हे एका विषाणूचं नाव नाही, अख्ख्या खानदानाचं आडनाव आहे. १९६० च्या दशकापासनं माहिती आहेत हे, सर्दी करणारे काही त्यातलेच, २००२ चा सार्सपण त्यातलाच. बाटलीवर आडनाव होतं, २०१९ ला निघालेलं पोरगं नाही.

हळद. राजापुरी हळदीचा मलापण अभिमान आहे ओ, पण हळदीनं कोरोना टळत असता तर आपल्या जिल्ह्यात पेशंटच सापडला नसता, उलट जून-जुलै २०२१ ला बाकी राज्यात आकडे उतरत होते तेव्हा सांगली, सातारा, कोल्हापूर वरच अडकलेले. आणि गरम पाणी पिऊन घसा शेकतो, बरं वाटतं, प्या की. पण विषाणू नाकाघशाच्या पेशींच्या आत शिरून बसलेला असतो, तो मरंल एवढं गरम पाणी प्यालात तर आधी तोंड भाजंल.

साधा फ्लू म्हणणाऱ्यांनी आपल्याच जिल्ह्यातलं इस्लामपूर आठवावं. मार्च २०२०, परदेशातनं आलेले चौघे, आणि आठवड्याभरात त्याच कुटुंबातले वीसच्या वर पॉझिटिव्ह. कारण हा विषाणू ताप यायच्या दोन दिवस आधीपासनं पसरू शकतो, माणूस धडधाकट दिसतो, पंगतीत बसतो, आणि नवा असल्यानं कुणाच्याच अंगात त्याची ओळख नव्हती.

आता मुद्द्याचं, बोलणं बदलण्याचं. अहो विषाणूच नवा, तर पहिल्या दिवशी सगळं माहीत कसं असणार? जानेवारी २०२० मध्ये त्याची जनुकीय रचना जगापुढं आली, जवळपास ३०,००० अक्षरांची, त्यावरनंच आरटीपीसीआर टेस्ट बनली, ते काय आजतागायत खोटं ठरलेलं नाही. बदललं ते पुढचं. आधी सगळा भर हात धुण्यावर, मग कळलं की बंद खोलीतल्या हवेतनं जास्त पसरतोय, म्हणून मास्क आणि खिडक्या. स्टेरॉईडचंही तसंच, जून २०२० मध्ये इंग्लंडच्या मोठ्या चाचणीत दिसलं की डेक्सामेथासोन या स्टेरॉईडनं व्हेंटिलेटरवरच्यांचे मृत्यू साधारण एक तृतीयांशानं कमी होतात, पण ज्यांना ऑक्सिजन लागत नाही त्यांना फायदा नाही. हे दुसरं वाक्य आपल्याकडं कुणी वाचलंच नाही, ऑक्सिमीटरवर ९८ दिसत असताना मेडिकलमधनं गोळ्या आणून खाल्ल्या लोकांनी, शुगरवाल्यांनीपण, आणि म्युकरमायकोसिस, म्हणजे ती काळी बुरशी, वाढण्यात त्याचा हात होता.

प्लाझ्मा, म्हणजे कोरोनातनं बरं झालेल्यांच्या रक्तातला द्रव, आधी दिला आणि मग बंद केला, ही फसवणूक म्हणे. आयसीएमआरनं, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेनं, ३९ हॉस्पिटलांत ४६४ पेशंटवर तपासला, काहींना दिला काहींना नाही, मृत्यूत फरक पडला नाही. निकाल २०२० मध्येच आला आणि उपचारांच्या यादीतनं प्लाझ्मा निघाला मे २०२१ ला, तोवर दुसऱ्या लाटेत लोक डोनर शोधत रात्री-अपरात्री फोन करत होते. बंद करायला उशीर का केला म्हणून भांडा, मीपण येतो तुमच्यासोबत.