मावशीचा पगार आणि सौधातला पगार

आमच्या निपाणीत, म्हणजे कर्नाटकातल्या सीमाभागात, संध्या सुरक्षा या म्हाताऱ्यांसाठीच्या सरकारी योजनेच्या पैशाला पेन्शन कोण म्हणत नाही, सगळे ‘पगार’च म्हणतात. गल्लीतल्या मावशी रोज सकाळी मला विचारतात, "बघ की रे मोबाईलात, पगार आला काय?" आधी हसू यायचं त्या शब्दाचं. आता येत नाही, कारण चार महिने झाले मी नाही म्हणूनच सांगतोय.

मागच्या आठवड्यात शेवटी मावशीना गाडीवर बसवून पगाराचं बघायला घेऊनच गेलो. काउंटरवरच्या पोरानं मशीन पुढं केलं, मावशीनी अंगठा ठेवला, उठला नाही. दुसरं बोट, तेही नाही. पदराला पुसलं, थुंकी लावली, परत दाबलं, मागं लाईन वाढतेय आणि या माझ्याकडं अशा बघतायत की जणू त्यांचीच काहीतरी चूक झालीय. पन्नास वर्षं विड्या वळल्यात ओ त्या बोटांनी, रेषा राहतीलच कशा? पोरगं बिचारं चांगलं होतं, म्हणालं आधार अपडेट करून या. आधार केंद्रात गेलो तर म्हणे बँकेला लिंक नाही. बँकेत गेलो तर लिंक आहे की म्हणाले, पैसेच वरनं आले नाहीत. मग दिवसभर अंगठा घासत कशाला फिरवलं आम्हाला?

बरं आला तरी किती, 1200. जुलै 2021 ला बोम्मई मुख्यमंत्री झाल्या झाल्या त्यांनी 1000 चे 1200 केले, विधवांचे 600 चे 800 केले. तेव्हापासून सरकार बदललं, तेलाचा डबा कुठल्या कुठं गेला, हे आकडे तिथंच. दिवसाला 40 रुपये. आणि दिल्लीवाल्यांचं तर बोलूच नका, 60 ते 79 वयाच्या म्हाताऱ्यामागं केंद्राचा वाटा जवळजवळ 20 वर्षं 200 वरच अडकलाय. कोगनोळी नाका ओलांडून महाराष्ट्रात कागलला गेलं की तिथल्या श्रावणबाळ योजनेचे 1500 मिळतात, चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलं की 2000. तिकडंही लोक पैसे लेट येतात म्हणून ओरडतातच, तिकडं सगळं सोनं आहे असं नाही.

कोणतरी कमेंटला येणारच, गृहलक्ष्मीचे 2000 मिळतात की म्हणून. दादा, ते रेशनकार्डावर जी घरची मुख्य बाई असेल तिला. मावशींच्या कार्डावर सून मुख्य आहे, आणि सुनेच्या हातातनं सासूच्या बीपीच्या गोळ्यांना किती येतात हे मी इथं लिहीत नाही, गल्लीत राहायचंय मला.

आता आमदार साहेबांना. मार्च 2025 आठवतंय ना? सभागृहात दंगा, कागद फाडून भिरकावलेले, 18 आमदार सस्पेंड, आणि त्याच दिवशी त्याच दंग्यात तुमच्या पगारवाढीचं बिल चर्चेशिवाय पास. मूळ पगार 40 हजाराचा 80 हजार, माजी आमदारांची पेन्शन 50 हजाराची 75 हजार. तुमचं वाढलं म्हणून माझ्या पोटात दुखत नाही, महागाई तुम्हालाही आहे असं धरून चालू. पण तेव्हा कुणी तुम्हाला तिजोरी बघून सांगतो म्हणालं नाही, की अंगठा लावा म्हणालं नाही.

बोगस लोक यादीतनं काढा, जरूर काढा, चारचाकीवाले पगार खातात हे आम्हालाही दिसतंय. पण छाननी चालू आहे म्हणून खऱ्या माणसाचे पैसे बंद ठेवायचे हा कुठला हिशोब?

बेळगावात अधिवेशन भरलं की हलग्याला सुवर्ण विधानसौधासमोर, म्हणजे इथल्या विधानभवनासमोर, अंगणवाडीच्या बायका, आशाताई, ऊसवाले सगळे तंबूत येऊन बसतात. मावशीसारखे लोक बसत नाहीत, त्यांना तिथवर एसटीनं जायलाच होत नाही. त्यांच्या वतीनं जिल्ह्यातल्या 18 आमदारांपैकी एकानं तरी उठून पुरवणी मागण्यांत हे घाला म्हणावं. थकलेले महिने एकरकमी द्या, 1200 चे निदान 2000 करा, ज्यांचा अंगठा उठत नाही त्यांना घरी येऊन पोस्टमननं सहीवर पैसे द्यावेत, पूर्वी मनीऑर्डरला देत होतेच की. कानडीत बोला, मराठीत बोला, सीमाप्रश्नावर काय भांडायचं ते भांडा, आम्हीपण भांडतोय, पण मधे पाच मिनिटं हे बोला.

सोमवारी परत नेणार आहे मावशीना. आदल्या रात्री बोटांना खोबरेल चोळून झोपते म्हणाल्या, बघूया उठतोय काय.