डब्यासह बँकॉक : पतिराजांसाठी एका दिवसाचे मार्गदर्शन

गेल्या महिन्यात आमच्या लग्नाला पंचवीस वर्षे पूर्ण झाली आणि त्या निमित्ताने आमच्या यजमानांनी मला बँकॉकला नेले. निघण्याच्या आदल्या रविवारी सोसायटीच्या आवारात त्यांचे एक मित्र म्हणाले, "बायकोला घेऊन बँकॉक? म्हणजे हॉटेलात जेवायला जाताना घरचा डबा नेण्यासारखेच की!" जमलेली मंडळी पोट धरून हसली. मी शेजारीच भाजीची पिशवी घेऊन उभी होते. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये भारतीयांना थायलंडचा व्हिसा माफ झाला आणि मुंबईहून साडेचार तासांत तेथे पोहोचता येते, तेव्हा आणखी बरेच पतिराज आपापला डबा घेऊन निघण्याच्या बेतात असतील. त्यांच्या सोयीसाठी एका अनुभवी डब्याने चार गोष्टी लिहून ठेवाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

दिवसाची सुरुवात राजवाड्यापासून करावी. तो सकाळी साडेआठला उघडतो आणि गुडघे उघडे टाकून आलेल्या पाहुण्याला आत सोडत नाहीत, हे टूरच्या व्यवस्थापकाने तीन वेळा सांगितलेले असते. म्हणून अर्धी चड्डी घालूनच निघावे. दारात अडवले की, "माणशी पाचशे बाथ मोजतो आहोत, फुकट येत नाही," असा युक्तिवाद पहारेकऱ्याशी शुद्ध मराठीत करावा. तो फसला की रस्त्यापलीकडे जाऊन हत्तीच्या चित्रांची पातळ विजार विकत घ्यावी, बायकोच्या खांद्याचा आधार घेऊन ती पदपथावरच चढवावी आणि मग प्रत्येक फोटोत ते हत्ती दिसतात म्हणून दिवसभर बायकोवर चिडावे.

फाटकाजवळ इस्त्रीच्या शर्टातला एक सभ्य गृहस्थ "राजवाडा आज एक वाजेपर्यंत बंद आहे" असे सांगेल. समोरून शेकडो माणसे आत शिरताना दिसत असली तरी विश्वास त्याच्यावरच ठेवावा. आमच्या गाडीतल्या ठाणेकरांनी ठेवला. त्यांनी टुकटुकवाल्याच्या ओळखीच्या दुकानातून आणलेला नीलम खरा आहे, असे मानण्याचा ठराव त्या दिवशी आमच्या गाडीत एकमताने संमत झाला.

आत गेल्यावर पाचूच्या बुद्धाचे दर्शन घ्यावे आणि जेमतेम ६६ सेंटिमीटरची ती मूर्ती पाहून "एवढीशीच?" असे मोठ्याने म्हणावे. ऋतू बदलला की वर्षातून तीन वेळा खुद्द राजा तिचा पोशाख बदलतो, ही माहिती वाटाड्या सांगत असताना घरी फोन लावावा. देवळाभोवतीच्या ओवऱ्यांत रामकथेची १७८ भित्तिचित्रे आहेत. त्यांच्यापुढून "रामायण आपल्याला पाठ आहे" असे म्हणत झपाझप निघून जावे. या सल्ल्याने पतिराजांचेच नुकसान होते, हे मात्र येथे नमूद करणे भाग आहे. थायलंडच्या रामायणातला, म्हणजे रामकियनमधला, मारुती ब्रह्मचारी नाही. सेतू बांधला जात असताना रावणाची मत्स्यकन्या सुवण्णमच्छा त्या कामात मोडता घालायला येते, मारुती तिच्यावर भाळतो आणि पुढे त्यांना मुलगाही होतो. ज्या विषयाच्या ओढीने तुम्ही एवढ्या लांब येता, तो तेथे सोन्याच्या वर्खासह भर दिवसा रंगवलेला आहे. पण घाई कोणाला चुकली आहे?

वाट फो या देवळातला पहुडलेला बुद्ध ४६ मीटर लांब आहे आणि त्याच्या तळपायांवर शिंपल्यांच्या जडावाची १०८ शुभचिन्हे आहेत. त्याच्यापुढे डोक्याखाली हात घेऊन तसेच आडवे व्हावे व फोटो काढून घ्यावा. पाठीमागच्या भिंतीशी पितळेसारखी दिसणारी १०८ भांडी ओळीने मांडलेली असतात. त्यांत एकेक नाणे सोडत जायचे असते आणि प्रत्येक भांड्याचा टणत्कार किंचित वेगळा येतो. तो ऐकत मी एक्क्याण्णवाव्या भांड्यापर्यंत पोहोचले होते. तेवढ्यात खांबाआडून आमच्या यजमानांनी मनगटावरचे घड्याळ दाखवले. उरलेली सतरा नाणी अजून माझ्या पर्समध्ये आहेत.

वाट अरुण हे देऊळ नदीच्या पलीकडे आहे. अलीकडूनच फोटो काढावा, होडीचे पाच बाथ वाचतात.

जेवणाला भारतीय खाणावळच शोधावी आणि तेथील पनीरला नावे ठेवावीत.

संध्याकाळी सहा वाजता स्कायट्रेनच्या फलाटावर असावे. तेथे त्या वेळी राष्ट्रगीत लागते आणि सगळी माणसे, शाळेची मुले, कचेरीतून परतणाऱ्या बायका, हातात शहाळ्याचा पेला धरलेला पोऱ्या, असतील तेथे थांबतात. अशा शांततेत आपला आवाज फार लांबवर पोहोचतो. नाशिककरांनी नेमकी तीच वेळ साधून "अरे, हे सगळे स्टॅच्यू का झाले?" असे विचारले आणि फलाटाच्या दुसऱ्या टोकापर्यंत ते ऐकू गेले असावे. चित्रपटगृहात आपले राष्ट्रगीत चालू असताना कोणी हलले तर हेच गृहस्थ त्याची गचांडी धरतील.

आता रात्र. पतिराजांचा खरा दिवस येथे सुरू होतो, म्हणून हा भाग सविस्तर लिहिते. सिलोम आणि सुरावोंग या दोन रस्त्यांना जोडणाऱ्या गल्ल्यांना पाटपोंग म्हणतात. मध्ये रात्रीचा बाजार असतो आणि दोन्ही अंगांना बार असतात. परमेश्वराने ही रचना जोडप्यांसाठीच केली असावी. "तुम्ही बायका बाजार बघा, आम्ही पाच मिनिटांत आलो," असे म्हणावे. पासपोर्टांची थैली, कॅमेरा, टोपी आणि पाण्याची बाटली बायकोच्या हाती द्यावी, कारण ओझे घेऊन जिना चढणे त्रासाचे असते. खाली प्लॅस्टिकच्या वेष्टनातले कार्ड दाखवणारा माणूस शंभर बाथच्या बिअरची गोष्ट करतो. वरचे बिल कितीचे असते, हे आम्हाला तीन पतिराजांकडून तीन निरनिराळ्या आकड्यांत कळले.

त्यांची पाच मिनिटे पन्नास मिनिटांनी संपली. तोवर आम्ही तिघी एका पर्सच्या दुकानाशी उभ्या होतो. दुकानातल्या मुलीने, वय असेल वीस-एकवीस, आमच्याकडे एकदा पाहिले, त्या जिन्याकडे एकदा पाहिले आणि काही न विचारता प्लॅस्टिकची तीन स्टुले पुढे सरकवली. रोज रात्री तिला अशा तिघी-चौघी भेटत असाव्यात. नाशिकच्या वहिनींनी पिशवीतून चकल्या काढल्या, तिलाही दिल्या, आणि लाल-निळ्या दिव्यांच्या त्या गल्लीत चार बायका चकल्या खात बसल्या. मोडक्यातोडक्या इंग्रजीत ती म्हणाली की तिचे घर उदोन थानीला आहे, भाताची शेती आहे, थोरली बहीणही बँकॉकलाच असते. बहीण काय करते ते तिने सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. त्या मुलखाला ईसान म्हणतात. आपला 'ईशान'च तो, कारण देशाच्या ईशान्येला आहे. जमीन रेताड, पाऊस लहरी. तेथून मुली शहरात येतात, कोणी स्टुले सरकवते, कोणाला त्या जिन्याने वर जावे लागते. हा धंदा कायद्याने १९६० मध्येच बेकायदा ठरवला गेला आणि १९९६ मध्ये नवा कायदाही आला. पण मधल्या काळात व्हिएतनामच्या युद्धातल्या अमेरिकी सैनिकांना विश्रांतीसाठी थायलंडमध्ये पाठवण्याचा १९६७ चा करार झाला आणि बारची भरभराट झाली. सैनिक गेले. त्यांच्या खुर्च्यांवर आता ठाणे आणि नाशिक बसले आहे, आणि शेजारच्या खुर्चीवर आमचे घर.

येथे विनोदी सल्ला द्यायचा होता, तो सुचत नाही. दुपारची एक गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली होती, तीच आता सांगते. दुपारी पाय दुखू लागले म्हणून आम्ही सहाही जण हॉटेलच्या गल्लीतल्या मालिशच्या दुकानात शिरलो. भिंतीवर वाट फोच्या शाळेचे प्रमाणपत्र चौकटीत लावले होते. थाई मालिशीचे नाव २०१९ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेले आहे, ते याच विद्येचे. पुढे आलेल्या बाई माझ्याच वयाच्या होत्या आणि गळ्यात दोरीने चष्मा अडकवलेला होता. ठाणेकरांनी डोळा मारून विचारले, "स्पेशल काय आहे?" बाईंनी सावकाश चष्मा लावला, दरपत्रक त्यांच्यापुढे धरले आणि पाय, पाठ, तेल, अशी प्रत्येक ओळ बोटाने दाखवून शेवटी मान हलवली. तिघे पुरुष हसले. त्या तिघांत आमचे यजमान होते.

पतिराजहो, तुम्हाला लाज वाटत नाही का? घरी आईच्या गुडघ्यांना तेल चोळणारी बाई ठेवता, तिला मावशी म्हणता; तेच काम करणाऱ्या परक्या देशातल्या बाईला दर विचारता, तोही स्वतःच्या बायकोसमोर. तुम्ही 'बँकॉक' म्हणून एकमेकांकडे पाहून हसता, तेव्हा त्या शहरातल्या तिकीट देणाऱ्या, भात परतणाऱ्या, गाडी चालवणाऱ्या, शाळेत शिकवणाऱ्या साऱ्या बायका तुम्ही एका दमात विकायला काढलेल्या असतात. आणि डबा म्हणून सोबत नेलेल्या बाईला हे समजत नाही, असे तुम्हाला खरेच वाटते? आम्हाला सगळे समजते. आम्ही परगावी तमाशा नको म्हणून गप्प बसतो आणि त्या गप्प बसण्याला तुम्ही परवानगी समजता. इतकी वर्षे मीही गप्प बसले, त्याचा दोष माझ्याकडे आहेच.

हसणे थांबल्यावर त्या बाईंनी मला खुर्चीवर बसवले. खाली बसून त्यांनी कोमट पाण्याच्या घमेल्यात माझे पाय घेतले, लिंबाची फोड चोळून एकेक बोट धुतले आणि टॉवेलने टिपले. माझी मान काही वर होईना.