नुसता स्पिन वाढवून भागत नाही

एकेक रेणूच चुंबकासारखा वागतो, त्याबद्दलचा तुमचा लेख आवडला, पण त्यातलं 'रेणूतला एकूण स्पिन (इलेक्ट्रॉनांचं अंगभूत चुंबकत्व मोजणारी संख्या) जितका मोठा तितका चुंबक चांगला' हे वाक्य खटकलं. मी सोलापुरात बी.एस्सी.ला रसायनशास्त्र शिकवते. आठ लोहअणूंचा रेणू फळ्यावर काढला की स्पिनची दिशा दाखवणारे सहा बाण वर, दोन खाली. प्रत्येकाचा स्पिन ५/२, उलटे बाण वजा, म्हणून एकूण १०. मुलं हे चटकन करतात. मग मी विचारते, एवढा स्पिन असूनही हा चुंबक फक्त अतिथंड तापमानालाच का टिकतो? कारण चुंबकत्व उलटू न देणारा ऊर्जेचा अडथळा स्पिनच्या वर्गासोबत (S²) विषमदैशिकतेवर, म्हणजे चुंबकत्वाचा एकाच अक्षाला धरून राहण्याचा कल दाखवणाऱ्या D या संख्येवर, ठरतो. तो D ऋण हवा आणि आकड्याने मोठाही हवा. इथे तो फारच लहान पडतो.

लेखात अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाचं २०१३ चं काम यायलाच हवं होतं. दोन कार्बनच्या मधोमध सरळ रेषेत बसलेला एकच लोहअणू. लोह +२ (दोन इलेक्ट्रॉन गमावलेलं) असताना स्पिन २, पूर्णांक. बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावलं नाही तर पुंज बोगद्यातून, म्हणजे अडथळा न ओलांडता आरपार जाऊन, चुंबकत्व निसटतं. त्यात एक इलेक्ट्रॉन घातला की लोह +१, स्पिन ३/२. स्पिन घटला, तरी अर्धपूर्णांक झाल्यामुळे ती गळती दबली आणि अडथळा सुमारे २२६ सेमी⁻¹ (ऊर्जेचं एकक) वर गेला! एका इलेक्ट्रॉनची ही किमया वर्गात सांगताना मला दरवेळी तितकाच आनंद होतो. पुढच्या भागात यावर सविस्तर लिहाल का? मुलांना वाचायला देईन.