ते चित्र रेव्हिअरने तिथे उभं राहून काढलेलं नाही

कालपासून घरच्या ग्रुपवर तेच चित्र तिसऱ्यांदा आलं. लाल कोटातले सैनिक रांगेत, समोर कोसळणारी माणसं, मध्ये धूर. अमेरिका ब्रिटिशांच्या ताब्यात असताना बोस्टन शहरात ब्रिटिश सैनिकांनी जमावावर गोळ्या झाडल्या, त्याचं हे चित्र. खाली मजकूर : ‘५ मार्च १७७०, बोस्टन हत्याकांड. पॉल रेव्हिअरने तिथे उभं राहून काढलेलं चित्र. तलवार उगारून हुकूम देणारा कॅप्टन बघा. कोर्टात हाच पुरावा ठरला, सैनिक फासावर गेले. याच रेव्हिअरने पुढे एकट्याने रात्रभर घोडा दौडवून देश जागा केला.’ भाचीने हे सगळं शाळेच्या प्रोजेक्टच्या वहीत उतरवून काढलं, म्हणून लिहायला बसलो.

‘तिथे उभं राहून काढलेलं’ हेच धडधडीत खोटं. मूळ चित्र हेन्री पेल्हमचं. वय एकवीस, नामवंत चित्रकार जॉन सिंगलटन कॉप्लीचा सावत्र भाऊ. त्याने आपलं रेखाटन विश्वासाने रेव्हिअरच्या हाती दिलं. रेव्हिअर पेशाने चांदीकाम करणारा, तांब्याच्या पत्र्यावर कोरण्यात हात बसलेला. त्याने ते कोरलं, छापलं आणि मार्च संपायच्या आत विकायलाही काढलं. पेल्हमचा स्वतःचा छाप आला तेव्हा आठवडा उलटला होता. २९ मार्चला पेल्हमने रेव्हिअरला लिहिलेलं पत्र छापलेलं उपलब्ध आहे, कोणीही वाचावं. कागदाचा, छपाईचा खर्च मी केला आणि तुम्ही मला भर रस्त्यात लुटावं तसं लुटलंत, असं तो सरळ तोंडावर सुनावतो. रेव्हिअरच्या छापाखालीही ‘कोरलं, छापलं, विकलं’ एवढंच आहे. ‘काढलं’ असं त्यानेही म्हटलेलं नाही.

पण मला खरा राग आहे तो ‘पुरावा’ या शब्दाचा. घटना घडली रात्री नऊच्या सुमारास, जमिनीवर बर्फ होता. जमाव बर्फाचे गोळे फेकत होता, काहींच्या हातात दांडकी होती. चित्रात बर्फ नाही, दांडकी नाहीत, सैनिक कवायतीसारखे एका ओळीत. सैनिकांमागच्या कस्टम हाउसवर तर ‘कसाईखाना’ अशी पाटी चिकटवली आहे! अशी पाटी तिथे नव्हती. ही राजकीय टीका आहे, लोकांना पेटवण्यासाठी केलेली, आणि त्या कामात ती जबरदस्त आहे. तिला साक्षीदार म्हणून उभं करू नका.

फासावर तर कोणीच गेलं नाही. चित्रात तलवार उगारलेला तो कॅप्टन, प्रेस्टन, निर्दोष सुटला. आठ सैनिकांपैकी सहा सुटले, दोघांवर सदोष मनुष्यवधाचा ठपका बसला आणि त्यांच्या अंगठ्यावर डाग दिला गेला. बचावाला जॉन अ‍ॅडम्स होते, पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले. त्यांचे सहकारी जोसाया क्विन्सी यांनी ज्युरीला बजावलं होतं की घरोघरी लागलेल्या छापांनी कल्पनेला पंख फुटले आहेत, त्या भरात विवेक हरवू नका. म्हणजे ज्याला तुम्ही पुरावा म्हणता, त्यापासून सावध राहा असं खुद्द कोर्टात सांगितलं गेलं.

गोळ्या झाडल्या गेल्या आणि पाच माणसं मेली हे मात्र खरं. ते मी नाकारत नाही. ती नावं छापाखाली आहेत. त्यातला क्रिस्पस अ‍ॅटक्स आफ्रिकी आणि अमेरिकेतल्या मूलनिवासी वंशाचा, पण चित्रात तो कुठला ते ओळखता येत नाही. १८५६च्या एका रंगीत शिळाछापात तो मधोमध आला. मेलेल्या माणसाचा चेहरा दिसायला ८६ वर्षं लागली, हे मला आजही सहन होत नाही.

घोड्याचं थोडक्यात : ब्रिटिश सैन्य येतंय हे सांगायला त्या रात्री रेव्हिअर एकटा नव्हता, विल्यम डॉज आणि सॅम्युएल प्रेस्कॉट हेही निघाले होते. रेव्हिअर कॉन्कॉर्ड गावाच्या अलीकडेच पकडला गेला, तिथे पोचला तो प्रेस्कॉट.

भाचीला सांगितलंय, चित्र वहीत राहू दे. फक्त खाली पेल्हमचं नाव लिही, आणि त्याखाली पाचही मृतांची.